सरकी, करंज आणि डिझेल : वऱ्हाडाच्या संदर्भात बायोडिझेल

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील शेती गेल्या चार-पाच दशकांत बैलांच्या बळावरून हळूहळू डिझेलच्या बळावर आली, आणि हा बदल इतका सावकाश झाला की त्याची स्वतंत्र नोंद फारशी कोणी घेतली नाही. नांगरणी, वखरणी आणि पेरणी ट्रॅक्टरने होते, सोयाबीनची मळणी यंत्राने होते, विजेची जोडणी नसलेल्या किंवा भारनियमनात अडकलेल्या वावरांत पाणी डिझेलच्या पंपाने उपसले जाते, आणि कापूस जिनिंगपर्यंत, सोयाबीन बाजार समितीपर्यंत व संत्री देशावरच्या मंडईपर्यंत नेणारा ट्रकही याच इंधनावर धावतो. हे इंधन ज्या खनिज तेलापासून तयार होते त्याचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग देश बाहेरून आणतो. ते शुद्ध होऊन गायगावसारख्या डेपोतून टँकरने तालुक्यांच्या पंपांवर पोचते, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून जागतिक बाजारातील किंमत, डॉलरचा भाव आणि सरकारी कर यांवर ठरणारा त्याचा दर शेतकऱ्याच्या हिशेबात शिरला आहे. दुसरीकडे हाच प्रदेश सरकी आणि सोयाबीन या दोन तेलबियांचा देशातील मोठा पुरवठादार आहे. ज्या भूमीतून तेल बाहेर जाते तिथेच तेल बाहेरून विकत आणावे लागते, या वस्तुस्थितीतून बायोडिझेलचा प्रश्न वऱ्हाडापुरता तरी सुरू होतो, आणि म्हणूनच या विषयाची ओळख करून देताना इंजिनाच्या आधी तेलाचा, आणि तेलाच्या आधी बीचा व ढेपेचा विचार करणे भाग पडते.

बायोडिझेल म्हणजे वनस्पतिज तेल किंवा प्राणिज चरबी यांवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवलेले, डिझेल इंजिनात वापरता येणारे द्रवरूप इंधन होय. कोणत्याही वनस्पतिज तेलाचा मुख्य घटक ट्रायग्लिसराइड हा असतो. त्याच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. अशा तेलात मिथेनॉल हे अल्कोहोल आणि त्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश अल्प प्रमाणात मिसळून मिश्रण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवत ढवळले, की मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात आणि मिथेनॉलशी जोडल्या जाऊन मेदाम्लांची मिथिल एस्टरे तयार होतात. यालाच रसायनशास्त्रात ट्रान्सएस्टरीकरण म्हणतात आणि या एस्टरांच्या मिश्रणालाच बाजारात बायोडिझेल हे नाव आहे. मिश्रण स्थिर ठेवले असता जड ग्लिसरीन तळाशी बसते व एस्टर वर राहते. ते काढून, पाण्याने धुऊन आणि वाळवून वापरतात. ढोबळ मानाने शंभर किलो तेलाला अकरा किलोच्या आसपास मिथेनॉल लागते आणि त्यातून जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल व दहा-अकरा किलो ग्लिसरीन मिळते. सोडा किंवा पोटॅश या क्रियेत खर्च होत नाही, तो केवळ उत्प्रेरकाचे, म्हणजे क्रिया वेगाने घडवून आणण्याचे काम करतो.

ही कृती कागदावर सोपी दिसते, आणि तशी ती दिसते म्हणूनच ती खेड्यातल्या शेडमध्ये करून पाहण्याचा मोह होतो. पण मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ सहज पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना नीट दिसतही नाही, त्यामुळे योग्य यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित हात नसताना हा उद्योग कोणी करू नये, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुसरी अडचण तेलाच्या प्रतीची आहे. बी ओली साठवली, तेल जुने झाले किंवा वारंवार तापवले गेले, की ट्रायग्लिसराइड आपोआप तुटून त्यातून मोकळी मेदाम्ले निर्माण होतात. त्यांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या पुढे गेले की ती सोड्याशी संयोग पावून साबण होतात, आणि एस्टर व ग्लिसरीन वेगळे होण्याऐवजी सगळ्याचा एक चिकट लगदा उरतो. अशा तेलावर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने एक प्रक्रिया करून मोकळ्या आम्लांचेच एस्टर करून घ्यावे लागते आणि मगच नेहमीची प्रक्रिया करता येते. ही गोष्ट येथे मुद्दाम विस्ताराने सांगितली आहे, कारण वऱ्हाडात इंधनासाठी जे तेल प्रत्यक्षात उपलब्ध होऊ शकते ते बहुतांशी याच दुय्यम प्रतीचे आहे.

वनस्पतिज तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते, आणि इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने पुढे वनस्पतिज तेलांच्या या उपयोगाकडे वारंवार लक्ष वेधले. त्याच्या इंजिनाची पहिली चाचणी १० ऑगस्ट १८९३ रोजी झाली म्हणून तो दिवस आज जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. प्रत्यक्षात मात्र इंजिने खनिज डिझेलच्या पातळपणाला अनुरूप होत गेली, आणि कच्चे वनस्पतिज तेल त्यांना मानवेनासे झाले. चाळीस अंश तापमानाला डिझेलची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ज्या एककात दोन ते साडेचार भरते त्याच एककात सरकीच्या तेलाची तीस ते पस्तीस भरते. त्यामुळे असे तेल तोटीतून बारीक तुषारांत फवारले जात नाही, अर्धवट जळते, तोटीच्या तोंडाशी काजळी धरते आणि वंगणात उतरून ते घट्ट करते. बेल्जियममधील ब्रुसेल्स विद्यापीठाच्या जी. शावान यांनी १९३७ साली तेलाचे एस्टर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे एकस्व घेतले, तेव्हा या अडचणीवरचा रासायनिक उपाय सापडला, कारण एस्टरची विष्यंदिता साडेतीन ते पाचपर्यंत उतरते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाल्यावर भारतातही वनस्पतिज तेलांवर इंजिने चालवण्याचे प्रयोग झाले, परंतु युद्धानंतर स्वस्त खनिज तेलाच्या लोंढ्यात ते मागे पडले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतरच हा विषय जगभर पुन्हा उघडला गेला. त्या वेळी मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी, कापसासाठीच बांधलेली अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे अद्याप वाफेवर धावत होती. तिला डिझेलचे इंजिन लागले ते १९९४ मध्ये.

इंधन म्हणून बायोडिझेलचे गुणदोष आज पुरेसे ज्ञात आहेत, आणि त्यांविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. त्यात गंधक जवळजवळ नसते, रेणूतच प्राणवायू असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होऊन धूर व काजळी कमी होते, त्याचा वंगणगुण चांगला असल्याने गंधक काढून टाकलेल्या आजच्या डिझेलमध्ये थोडे मिसळले तरी पंपाची झीज कमी होते, आणि ते शंभर अंशांच्या पुढे तापल्याशिवाय पेट घेत नसल्याने साठवणुकीला अधिक सुरक्षित असते. उलट बाजूला, एका लिटरमधील उष्णता डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असते, नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढतात, जुन्या गाड्यांतील काही प्रकारच्या रबरी नळ्या फुगतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सुटून सुरुवातीला गाळण्या तुंबतात. भारतीय मानक ब्युरोने शुद्ध बायोडिझेलसाठी आय.एस. १५६०७ हे मानक ठरवले आहे. डिझेलमध्ये ते पाच टक्के मिसळले तर मिश्रणाला बी-५ आणि वीस टक्के मिसळले तर बी-२० म्हणतात, आणि वीस टक्क्यांपर्यंत सामान्य इंजिनात मोठा फेरबदल करावा लागत नाही असा सर्वसाधारण अनुभव आहे. वऱ्हाडच्या हवामानाचा येथे वेगळा विचार हवा. सरकीच्या तेलात पामिटिक हे संपृक्त मेदाम्ल वीस टक्क्यांहून अधिक असते, आणि त्याचे एस्टर थंडीत लवकर गोठू लागते, म्हणून चिखलदऱ्याच्या पठारावरील जानेवारीच्या पहाटे शुद्ध स्वरूपातील असे इंधन दगा देऊ शकते. त्याच तेलात अर्ध्याहून अधिक असलेले लिनोलेइक हे असंपृक्त आम्ल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून बिघडते, आणि अकोल्याच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पिंपात ही बिघाडाची क्रिया वेग घेते. म्हणजे एकाच तेलाला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही जड जातात, आणि म्हणून ते मिश्रणात व ताजे वापरणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

वऱ्हाडात तेलाचा पहिला साठा म्हणून सरकीकडेच पाहिले जाते, आणि ते स्वाभाविक आहे. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई आणि चौसष्ट किलो सरकी निघते. कोरडवाहू कपाशीचे उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले, तर सहाशे चाळीस किलो सरकी हाती येते. यांत्रिक घाण्यातून तिच्यातले बारा टक्क्यांच्या आसपास तेल निघते असे मानले, तर तेल सत्त्याहत्तर किलो, आणि त्यापासून बायोडिझेल सुमारे सत्त्याऐंशी लिटर. एस.टी.ची बस लिटरला साडेचार ते पाच किलोमीटर जाते असे धरल्यास, एका हेक्टरातील सगळी सरकी जाळून ती अकोल्याहून अमरावतीला दोनदा जाऊन परत येईल. हा आकडा लहान वाटतो आणि तो लहानच आहे. पण कापूस हे मुळात धाग्याचे पीक असून तेल हे त्याचे तिसऱ्या क्रमांकाचे उत्पन्न आहे, ही गोष्ट त्यासोबत ध्यानात घ्यावी लागते. दुसऱ्या क्रमांकावर ढेप आहे. त्याच हिशेबात साडेपाचशे किलोंच्या आसपास ढेप उरते, तीच वऱ्हाडातील दुभत्या जनावरांचा मुख्य खुराक आहे, आणि तिचा व्यापार इतका मोठा की राष्ट्रीय वायदेबाजारात सरकी ढेपेच्या सौद्यांसाठी अकोला हे केंद्र मानले गेले. सरकीचा भाव तेलापेक्षा ढेपेवर अधिक अवलंबून असतो हे प्रत्येक तेल गिरणीवाला जाणतो, आणि बायोडिझेलच्या अर्थशास्त्राची किल्लीही येथेच आहे : ज्या बीची ढेप जनावर खाते तिचे तेल तुलनेने स्वस्त पडू शकते, आणि ज्या बीची ढेप विषारी असते तिच्या एकट्या तेलावर सगळ्या खर्चाचा बोजा पडतो. पुढे मोगली एरंडाच्या बाबतीत जे घडले त्याचे निम्मे स्पष्टीकरण या एका वाक्यात मिळते.

सरकीचे तेल इंधनासाठी वळवावे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच द्यावे लागेल. शुद्ध केलेले सरकीचे तेल खाण्याचे आहे. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करतो, आणि आयात केलेल्या पामतेलाच्या जागी घरचे सरकीचे तेल खायचे सोडून ते जाळणे म्हणजे एका आयातीच्या जागी दुसरी आयात आणणे होय. इंडोनेशियाने पामतेलाच्या जोरावर २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के मिश्रण सक्तीचे केले, ब्राझील आणि अमेरिका सोयाबीनवर व युरोप मोहरीवर्गातील रेपसीडवर अवलंबून राहिला. ज्या देशांत तेल उरते त्यांना ते शक्य आहे, भारताला नाही, आणि म्हणूनच भारताच्या धोरणाने आरंभापासून अखाद्य तेलांची वाट धरली. सोयाबीनलाही हाच न्याय लागू होतो. परंतु सरकीचे तेल शुद्ध करताना गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य आणि मोकळी मेदाम्ले काढून टाकण्यासाठी त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात, आणि त्यातून जो गडद साबणी गाळ निघतो, ज्याला व्यापारात सोपस्टॉक म्हणतात व ज्याच्यापासून आम्लतेल काढतात, तो खाण्याच्या उपयोगाचा नसतो. हे आम्लतेल आजवर कपडे धुण्याच्या स्वस्त साबणाकडे गेले आहे. गंधकाम्लाची आधी सांगितलेली प्रक्रिया करून त्याचे बायोडिझेल करता येते, आणि कच्चा माल गिरणीच्या आवारातच गोळा झालेला असल्याने तो वेचण्याचा व वाहून आणण्याचा खर्च उरत नाही. वऱ्हाडातील कापसाचा इंधनाशी खरा संबंध जोडायचा असेल तर तो या गाळातून जोडला जावा, असे हा विषय तपासताना ठामपणे वाटते.

या विषयाचा सर्वाधिक गाजलेला, आणि सर्वाधिक वेदनादायक, अध्याय मोगली एरंडाचा आहे. जट्रोफा हे शास्त्रीय नाव असलेले, काही भागांत चंद्रज्योत म्हणून ओळखले जाणारे हे झुडूप मूळचे मध्य अमेरिकेतील. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून महाराष्ट्रात ते पूर्वीपासून कुंपणाला लावले जात होते, आणि त्याच्या बियांत तीस-पस्तीस टक्के तेल असते. नाशिकच्या विनायकदादा पाटील यांनी राज्यात वनशेतीबरोबर या झाडाचाही हिरिरीने पुरस्कार केला. ३१ डिसेंबर २००२ रोजी रेल्वेने दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली, आणि पुढील वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने वीस टक्के मिश्रणासाठी देशभर एक कोटी दहा लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर मोगली एरंड लावण्याची कल्पना मांडली. ऑक्टोबर २००५ मध्ये खरेदी धोरण आले, तेल कंपन्यांची खरेदी केंद्रे ठरली, २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्क्यांचे लक्ष्य जाहीर केले. कमी पाणी, पडीक जमीन, रोग नाही, राखण नाही आणि पन्नास वर्षे उत्पन्न, असा या झाडाचा जो लौकिक त्या काळात पसरला तो कोरडवाहू शेतीच्या संकटात सापडलेल्या विदर्भात विशेष आशेने ऐकला गेला, आणि धुऱ्यांवर, पडीक तुकड्यांवर, सरकारी ई-क्लास जमिनींवर रोपे लावली गेली.

ही आशा फोल ठरण्याची कारणे झाडाच्या स्वभावात, जमिनीत आणि बाजारात अशी तिन्ही ठिकाणी होती. मोगली एरंड हे तोवर शेतीचे पीक झालेलेच नव्हते. गहू, कपाशी किंवा तूर यांच्यामागे निवडीची आणि संकराची जी शतकांची मेहनत आहे ती त्याच्यामागे नव्हती, आणि कुंपणावरच्या एखाद्या जोमदार झुडपाचे उत्पन्न हेक्टरी रोपसंख्येने गुणून जे टनावारी आकडे काढले गेले ते शेतात कधीच उतरले नाहीत. कमी पाण्यात झाड जगते हे खरे होते, पण जगणे आणि फळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी व खत न देता वाढलेल्या लागवडींतून बियांचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी हेक्टरी एक टनाच्याही खाली राहिले. फळे एकदम पिकत नसल्याने तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते, आणि ऐन हंगामात कापूस वेचणीला मजूर मिळत नसताना किलोला अल्प भाव असलेल्या या बिया कोणी वेचाव्यात, हा प्रश्न कोणत्याही अहवालात पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. ढेप विषारी असल्याने तिला गोठ्यात स्थान नव्हते. सरकारी खरेदीचा दर लिटरला पंचवीस-सव्वीस रुपयांच्या आसपास होता आणि उत्पादनखर्च त्याहून अधिक, त्यामुळे खरेदी केंद्रांवर माल जवळजवळ आलाच नाही. शिवाय ज्या जमिनीला कागदावर पडीक म्हटले होते ती गावातल्या भूमिहीनाच्या शेळीची आणि गाईची चराई होती. शाळकरी मुलांनी शेंगदाण्यासारख्या लागणाऱ्या या बिया खाऊन विषबाधा झाल्याच्या घटनाही महाराष्ट्रात वारंवार घडल्या, आणि शाळांच्या कुंपणाला हे झाड लावताना या धोक्याचा विचार व्हायला हवा होता. यात झाडाचा दोष नाही. एखाद्या वनस्पतीवर संशोधन पूर्ण होण्याआधी तिच्यावर धोरण उभे केले, की त्याची किंमत धोरण आखणाऱ्यांना द्यावी लागत नाही, ती शेतकऱ्याच्या दोन-तीन हंगामांतून वसूल होते.

करंजाची कथा याहून वेगळी आहे, कारण करंज कोणी बाहेरून आणलेला नाही. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला आणि देवळाच्या आवारात सावली देणारा हा वृक्ष शेंगवर्गीय असून हवेतील नत्र मुळांवरील गाठींत साठवतो. त्याच्या बियांत तीस टक्क्यांच्या आसपास कडू तेल असते, जे दिव्यासाठी आणि त्वचारोगांवर पिढ्यानपिढ्या वापरात आहे. त्याची ढेप जनावर खात नाही, पण ती उत्तम खत आहे आणि जमिनीतील सूत्रकृमींना आवर घालते, त्यामुळे वरुड-मोर्शीच्या संत्राबागांमध्ये तिला ग्राहक मिळू शकतो, आणि मोगली एरंडाच्या हिशेबात जी बाजू रिकामी राहिली ती येथे भरून निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करंज क्षार आणि पाण्याचा कमी निचरा दोन्ही सहन करतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा हा वऱ्हाडाचा सर्वांत अवघड प्रदेश आहे. तेथे भूजल खारे असल्याने ओलिताला निरुपयोगी ठरते, काळी चिकण माती सोडियममुळे पावसाळ्यात पाणी जिरू देत नाही, आणि शेतकऱ्याला एका खरिपावर वर्ष काढावे लागते. अशा पट्ट्यात वावराच्या आत नव्हे, तर नाल्यांच्या काठांनी, शिवरस्त्यांच्या कडांनी आणि गावतलावांच्या पाळीवर करंज लावण्याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात आणि बियांपासून वाढवलेल्या झाडांत उत्पन्नाचा फरक फार मोठा असतो, म्हणून निवडक मातृवृक्षांवरून कलमे करणे ही त्याची पहिली अट आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारखी, १९६९ पासून याच मातीत काम करणारी संस्था हे करू शकते. विदर्भाला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील चाल्पडी या आदिवासी गावाने करंजाच्या तेलावर जनित्र चालवून काही काळ घरांत दिवे लावले होते, आणि कर्नाटकाने हासन जिल्ह्यातील मादेनूर येथे २००७ मध्ये जैवइंधन उद्यान उभारून बांधावरच्या झाडांच्या बिया गावागावांतून विकत घेण्याची पद्धत बसवण्याचा प्रयत्न केला. दोन्ही प्रयोगांचा आवाका लहान होता, पण दोन्हींत झाड आधी होते आणि यंत्र नंतर आले.

मोहाच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. मेळघाटातील कोरकू कुटुंबांच्या वर्षात मोहाच्या फुलांचे स्थान धान्याच्या जवळ जाणारे आहे, आणि बियांचे तेल तेथे स्वयंपाकातही वापरले जाते. पावसाच्या तोंडावर वेचलेल्या बिया ओल्या राहिल्या तर तेलातील मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत चढते. असे खराब झालेले तेल इंधनाला जाण्यास हरकत नाही, पण ताज्या तेलासाठी कारखान्याने भाव दिला आणि घरातले तेल बाजारात गेले, तर त्या बदल्यात धारणीच्या दुकानातले पिशवीबंद तेल विकत घ्यावे लागेल. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात वेचणीवर निर्बंध आहेत, ते वेगळेच. वनोपजाची विक्री ग्रामसभेच्या हाती असली की असा व्यवहार गावाच्या हिताचा होऊ शकतो, हे सामूहिक वनहक्क मिळवून सीताफळाची विक्री उभी करणाऱ्या पायविहीरसारख्या गावाने दाखवले आहे. मोहाच्या तेलाचा निर्णयही अशाच ग्रामसभांनी घ्यावा.

शहरांच्या बाजूने पाहिले तर सर्वांत जवळचा कच्चा माल कढईतच आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांची, म्हणजे वारंवार तापवल्याने तयार होणाऱ्या अपायकारक द्रव्यांची, मर्यादा पंचवीस टक्के ठरवली व ती १ जुलै २०१८ पासून लागू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ नावाची मोहीम सुरू झाली, आणि दिवसाला पन्नास लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. अमरावतीतील गिला वड्याच्या व आलुबोंड्याच्या गाड्या आणि अकोल्यातील कचोरीची दुकाने एकेकटी या मर्यादेत बसत नाहीत, आणि त्यांचे काळे पडलेले तेल एक तर नालीत जाते किंवा कमी भावाने दुसऱ्या कढईत जाते. हे दुसरे अधिक घातक आहे. महापालिकेने वॉर्डनिहाय तेल संकलनाची सोय केली आणि विक्रेत्याला रोख भाव मिळाला, तर त्यातून मिळणाऱ्या इंधनाहूनही शहराच्या आरोग्याचा लाभ मोठा असेल. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचे जे उद्दिष्ट ठेवले आहे त्यात वापरलेल्या तेलाला महत्त्वाचे स्थान आहे. इथेनॉलचे मिश्रण उसाच्या व धान्याच्या बळावर झपाट्याने वाढले असताना बायोडिझेलचे प्रमाण मात्र एका टक्क्याच्याही आत घुटमळत राहिले, याचे कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नसून गोळा करण्याच्या व्यवस्थेचा अभाव हे आहे. याच काळात महामार्गांच्या कडेला बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले स्वस्तात विकण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि गुजरातेत उघडकीस आले. केंद्राने ३० एप्रिल २०१९ रोजी किरकोळ विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढूनही हे थांबले नाही, आणि अनेक ट्रकमालकांच्या मनात या इंधनाविषयी जी अढी बसली आहे तिचे मूळ या भेसळीत आहे.

बायोडिझेल पुनर्नवीकरणीय आहे, म्हणजे दर हंगामात पुन्हा निर्माण होऊ शकते, आणि त्याच्या ज्वलनातून बाहेर पडणारा कार्बन वनस्पतीने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, हे विधान मुळात बरोबर असले तरी त्याला मर्यादा आहेत. मिथेनॉल आज प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून तयार होते आणि भारत ते मोठ्या प्रमाणात आयात करतो. एस्टरच्या रेणूतील एकोणीसपैकी एक कार्बन अणू या मिथेनॉलमधून आलेला असतो. पीक काढताना घातलेला युरिया, नांगरणीचे डिझेल आणि वाहतूक हेही हिशेबात धरावे लागते. म्हणून मुद्दाम पेरलेल्या तेलबियांपेक्षा जे तेल कोणत्याही परिस्थितीत निर्माण होणारच आहे, अशा गाळाच्या, कढईच्या आणि रानातल्या तेलाचे बायोडिझेल पर्यावरणाच्या दृष्टीने अधिक निर्मळ ठरते. असे तेल सगळ्या वाहनांना पुरणार नाही. पण ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, पंप आणि जनित्रे यांचा एक भाग त्यावर चालू शकतो, आणि ते जेथे तयार होईल त्याच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत वापरले गेले तर वाहतुकीत ते वाया जाणार नाही.

पुढील प्रकरणांत तेलांचे रसायन, इंजिनातील चाचण्या आणि धोरणांचा इतिहास यांचा तपशील येईल. तो वाचणाऱ्या वऱ्हाडातील वाचकांना, विशेषतः कृषी विद्यापीठातील संशोधकांना, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना आणि ज्यांच्या धुऱ्यावर २००५ च्या सुमारास मोगली एरंड लावला गेला होता त्या शेतकऱ्यांना एक विनंती आहे : त्या लागवडींचे पुढे काय झाले, किती झाडे जगली, किती बी मिळाली, ती कोणी कोणत्या भावाने घेतली आणि झाडे केव्हा व का उपटली गेली, याच्या नोंदी अजून ज्यांच्या स्मरणात आहेत ती माणसे हयात असताना गावनिहाय लिहून ठेवाव्यात, कारण खारपाणपट्ट्यात उद्या करंजाचे पहिले रोप लावण्यापूर्वी त्या नोंदींची गरज पडणार आहे.